शून्याचं टार्गेट

लोडशेडिंग होतं तेव्हा मी डोंबिवलीत इन्व्हर्टर विकायचो. हे वाक्य ऐकून पन्नाशीपुढचे लोक हसतात आणि विशीतले विचारतात, लोडशेडिंग म्हणजे काय? त्यांच्यासाठी सांगतो. 2005 नंतरची सहा-सात वर्षं महाराष्ट्रात विजेचा असा तुटवडा होता, की कुठल्या भागातले दिवे किती वाजता जाणार याचं वेळापत्रक निघायचं. लोक त्या हिशेबाने मिक्सरवर चटणी वाटायचे, टाकीत पाणी चढवायचे आणि सहाव्या मजल्यावरच्या आजींना लिफ्ट चालू आहे तोवर देवळातून परत आणायचे.

ते वेळापत्रक म्हणजे माझा बीट प्लॅन. रामनगरचे दिवे गेले की मी रामनगरात, विष्णुनगरचे गेले की पूल ओलांडून पश्चिमेला. दिवे गेल्या गेल्या दार वाजवायचं नाही, हे मला पहिल्या मॅनेजरने शिकवलं. वीस मिनिटं जाऊ द्यायची. तोवर घरातल्या कर्त्या माणसाच्या हातात वारा घ्यायला जुनी लग्नपत्रिका आलेली असते आणि पोराची दुसऱ्या दिवशी युनिट टेस्ट असते. बेल वाजत नाही, म्हणून कडी वाजवायची. आतून "कोण?" असं आलं की नाव सांगायचं नाही, नुसतं "इन्व्हर्टर!" म्हणायचं. दार उघडायचं. विक्रीच्या धंद्यात मालाचं नाव घेतल्यावर दार उघडण्याचं भाग्य माझ्याआधी फक्त गॅसवाल्याला लाभलं होतं.

याच काळात माझं लग्न ठरलं, आणि सासरे निघाले वीज मंडळातले सबस्टेशन ऑपरेटर. 6 जून 2005 ला मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती झाल्या. सासरे कागदोपत्री महावितरणचे झाले, बोलण्यात बोर्डाचेच राहिले. बैठकीत त्यांनी विचारलं, "आपण काय करता?" मी खरं ते सांगितलं. ते बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे आमची लाइन पडली की तुमचं दुकान उघडतं." लग्न झालं, पण हा हिशेब त्यांच्या मनातून गेला नाही. दिवाळीला घरी गेलो की ते शेजाऱ्यांना ओळख करून द्यायचे, "हे आमचे जावई. विरोधी पक्षात असतात."

2012 च्या सुमारास लोडशेडिंग ओसरलं आणि माझा सेल बसला. इकडे मी महिनाअखेरीला टार्गेटच्या निम्म्यावरही पोचत नव्हतो, तिकडे सासऱ्यांनी पेढे वाटले. मग कंपनीने मला घरगुती इन्व्हर्टरमधून काढून ऑफिसांच्या यूपीएसवर घातलं. वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर रस्ता, ऐरोली. उन्हाळ्यात गळ्यात टाय, खांद्यावर बॅग, आणि प्रत्येक गेटवरच्या रजिस्टरात ‘कोणाला भेटायचे’ या रकान्यात अशा माणसाचं नाव, ज्याला मला भेटायचं नाही.

यूपीएस विकायला जाणाऱ्याला एक ठिकाण बघायला मिळतं, जे इतर विक्रेत्यांना दिसत नाही. सर्व्हर रूम. तिथली यंत्रं साधारण 18 ते 27 अंशांत ठेवावीत असा जगन्मान्य संकेत आहे, आणि आपल्याकडचे लोक खबरदारी म्हणून अठराच्याही खाली जातात. मे महिन्यात, वागळे इस्टेटच्या रस्त्यावर डांबराला चप्पल चिकटत असताना, मी त्या खोलीत पहिल्यांदा शिरलो. आत एक माणूस स्वेटर घालून बसला होता. ठाण्यात. मे महिन्यात. स्वेटर. त्याच्यासमोर एक काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं आपापली वर सरकत होती आणि तो त्यांच्याकडे बघत चहा पीत होता. त्याला कुणाला भेटायचं नव्हतं. उलट अधूनमधून दार किलकिलं व्हायचं, कुणीतरी अदबीने डोकं आत घालायचं आणि विचारायचं, "सर, जरा बघता का?" सर म्हणायचे, "तिकीट टाका." डोकं परत जायचं.

मी विक्रीत बरीच वर्षं काढली होती. माणसाने माझ्याकडे यावं आणि मी त्याला ‘रांगेत थांबा’ म्हणावं, हे मला स्वप्नातही पडलं नव्हतं. करिअर बदलणारे लोक मुलाखतीत ‘तंत्रज्ञानाची ओढ’ वगैरे सांगतात. मीही तेच सांगितलं. खरी ओढ एसीची होती.

तरी पाऊल उचलायला 2020 उजाडलं. लॉकडाऊनमध्ये ऑफिसं बंद, यूपीएस घेणार कोण? मधे एकच दिवस आला, 12 ऑक्टोबर. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा पट्ट्यातल्या उच्चदाबाच्या वाहिन्यांवर गडबड झाली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईचे दिवे एकदम गेले. लोकल होत्या तिथे थांबल्या. ज्या ज्या लोकांनी मला वर्षानुवर्षं ‘पुढच्या क्वार्टरला बघू’ म्हणून कटवलं होतं, त्या सगळ्यांचे फोन दुपारपर्यंत येऊन गेले. मला आनंद झाला, आणि तो चेहऱ्यावर दिसला असावा, कारण समोर बसलेले निवृत्त सासरे म्हणाले, "जावईबापू, दुसऱ्याचं घर अंधारात गेलं की आपल्याला बरं वाटतं, असा धंदा किती दिवस करायचा माणसाने?"

बायकोचा प्रश्न याहून थेट होता. "म्हणजे फी आपण भरायची, अभ्यास तू करायचा, आणि शेवटी पगार आत्तापेक्षा कमी?"

"सुरुवातीला कमी."

"आणि रात्रपाळी?"

"सुरुवातीला."

"इन्व्हर्टर विकताना बरा बोलायचास."

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, गोखले रोडच्या आजूबाजूला, संगणकाचे क्लास जितके आहेत तितकीच तिथे नेणारी पत्रकंही हातात येतात. मी एका क्लासच्या काउन्सेलरसमोर बसलो आणि पहिल्या दोन मिनिटांत मला घरी आल्यासारखं वाटलं. तारीख 29 होती. मुलगी म्हणाली, "सर, ही फी फक्त उद्यापर्यंत आहे." हिचं टार्गेट अजून अपुरं आहे, हे माझ्या लक्षात आलं. मी वयाची अडचण काढली. तिने ती अलगद उचलून बाजूला ठेवली. मी पैशांची काढली. तिने हप्ते पुढे केले. मी "घरी विचारून सांगतो" म्हटलं, तर म्हणाली, "मॅडमना आत्ताच फोन लावूया का?" इतकं चोख काम बघून मला भरून आलं. फॉर्मवर सही करताना मी तिला म्हटलंसुद्धा, तुम्ही आमच्या लाइनमध्ये यायला हवं होतं.

तिने कैलाश काटकरांची गोष्टही सांगितली. ही गोष्ट या पट्ट्यातल्या झाडून सगळ्या काउन्सेलरना पाठ असावी. रहिमतपूरचा मुलगा, शिक्षण दहावी, पुण्यात रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकाकडे वळला, आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. "तुम्ही तर ग्रॅज्युएट आहात, सर!" गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. फक्त त्यात अँटिव्हायरसचा प्रोग्राम लिहिणारे संजय काटकर हे त्यांचे धाकटे बंधू होते. माझा धाकटा भाऊ पोस्टात आहे.

देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने सुरू केलं. वर्गात त्या तारखेच्या आधी जन्मलेला मी एकटाच, शिकवणारे सर धरून. मुलांनी पहिल्या दिवशी मला फॅकल्टी समजून उभं राहून नमस्कार केला, दुसऱ्या दिवशीपासून काका केलं. सर मात्र मला ‘सर’ म्हणायचे, मीही त्यांना ‘सर’ म्हणायचो, त्यामुळे शंका विचारायला उभं राहिलं की एखादी मोठी मीटिंग चालल्याचा भास व्हायचा.

सर आसनगावहून यायचे. त्यामुळे त्यांचं नेटवर्किंग मध्य रेल्वेवरून जायचं. "राउटर म्हणजे कल्याण जंक्शन," ते म्हणायचे. "पुढे दोन फाटे, कसारा आणि कर्जत. तुम्ही आसनगावला कशाला चाललात, तिथे तुमचं कोण आहे, याच्याशी कल्याणला काही देणंघेणं नाही. पाटी बघायची, त्या रुळावर घालायचं, विसरून जायचं."

मागच्या बाकावरून बदलापूरचा मुलगा विचारायचा, "सर, पॅकेट वाटेत हरवलं तर?"

"टीसीपी असेल तर पाठवणारा परत पाठवतो. यूडीपी असेल तर गेलं ते गेलं. कुणी सांगतही नाही."

"म्हणजे अनाउन्समेंट नाही?"

"नाही."

"मग आपली लोकल यूडीपीवर आहे, सर."

प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, तोही सरांनी असाच शिकवला. वाटेत भेटणारा प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि शून्य झालं की पॅकेट टाकून देतात. असं केलं नसतं तर रस्ता चुकलेली पॅकेटं जगभर कायमची गोल फिरत राहिली असती. शेवटच्या गाडीत झोप लागून डोंबिवलीऐवजी टिटवाळ्याला उतरणाऱ्या माणसांसाठी रेल्वेने अशी काही सोय अजून केलेली नाही.

सगळ्यांत अवघड होतं ते बघायला सगळ्यांत सोपं वाटणारं काम. केबलच्या टोकाला क्लिप बसवणं, म्हणजे क्रिम्पिंग. वरचं रबर कापलं की आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या जोड्यांनी एकमेकींना पीळ घालून बसलेल्या. तो पीळ सोडवायचा, तारा सरळ करायच्या आणि एका ओळीत धरायच्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नारिंगी जोडी शेजारीशेजारी, तपकिरी शेजारीशेजारी, आणि हिरव्या नवराबायकोच्या बरोबर मधे निळं जोडपं येऊन बसलेलं. याचं कारण असं, की मधल्या दोन पिना जुन्या टेलिफोनच्या जोडीसाठी राखलेल्या. टेलिफोन गेला, राखीव जागा राहिली. आठही टोकं एका रेषेत कापायची, क्लिपमध्ये सारायची, पार टोकाला तांबं टेकलंय का ते उजेडाकडे धरून बघायचं आणि मग पकड दाबायची. पावसाळ्यात, घामट बोटांनी, चाळिशीच्या डोळ्यांनी. पांढरा-नारिंगी आणि पांढरा-तपकिरी या दोन तारांमधला फरक ट्यूबलाइटखाली देवालाही कळत नाही. बदलापूरचा मुलगा मला रंग सांगायचा आणि त्या बदल्यात मी त्याला इंटरव्ह्यूत ‘सॅलरी एक्स्पेक्टेशन’ विचारलं की काय बोलायचं ते शिकवायचो. माझ्या पट्टीवर बोलून तो पुढे माझ्यापेक्षा जास्त पगारावर लागला.

मग परीक्षा. सिस्कोची सीसीएनए. दोन तासांची, फी तीनशे डॉलर, वर कर. बायकोने डॉलरचा भाव बघितला, गुणाकार केला आणि मोबाइल पालथा ठेवला. परीक्षेचे दोन नियम मला फार लागले. एक, पुढच्या प्रश्नावर गेलात की मागे येता येत नाही. दुसरा, पास व्हायला किती गुण लागतात ते कंपनी जाहीर करत नाही. मी आयुष्यभर वाईटांतली वाईट टार्गेटं बघितली आहेत, पण टार्गेटच न सांगणारी कंपनी पहिल्यांदा बघितली. आमच्या एरिया मॅनेजरला ही कल्पना सुचली नाही हे आमचं नशीब.

पास झालो, ऐरोलीत एका कंपनीत लागलो, आणि सोसायटीच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, "काय, अजून सेल्सच का?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "नाही, सेल्स सोडलं. आता नेटवर्किंगमध्ये आहे."

खोलीत शांतता पसरली. डोंबिवलीत नेटवर्किंग म्हणजे साबण, प्रोटीन पावडर आणि ‘तुमच्याखाली दोन माणसं जोडा’. खजिनदारांनी खुर्ची किंचित मागे घेतली. समोरच्या काकू घाईघाईने म्हणाल्या, "आम्ही आमच्या भाचीकडूनच घेतो सगळं." पुढचे काही दिवस मला बघून लोक लिफ्टऐवजी जिना चढत होते. इन्व्हर्टर विकतानासुद्धा हे झालं नव्हतं. शेवटी बायकोने हळदीकुंकवाच्या घोळक्यात जाहीर करून टाकलं की तो वायफाय बघतो. आणि जिना रिकामा झाला, लिफ्ट भरली, आणि आमच्या दाराची बेल वाजायला लागली ती अजून थांबलेली नाही.

पूर्वी मी लोकांच्या दारात उभा असायचो आणि ते घरात नसायचे. आता मी घरात असतो. सेक्रेटरींचा प्रिंटर, काकूंच्या टीव्हीवरचं यूट्यूब, सोसायटीचा सीसीटीव्ही, ज्यात दोन वर्षांपासून फक्त गुलमोहराची एक फांदी दिसते. कल्याणहून आत्याचा फोन तर ठरलेला.

"अरे, नेट गेलंय. लाल दिवा लागलाय."

"आत्या, दिव्याखाली काय लिहिलंय?"

"एल ओ एस."

"म्हणजे बाहेर फायबर तुटलीये. केबलवाल्याला सांगायला हवं. माझ्याने इथून काही होणार नाही."

"इथून नाही होणार, मग तू ऑफिसातून कसं करतोस?"

याला उत्तर नाही. आमच्याकडे फायबर जमिनीखालून फार कमी जाते. ती एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर, वाटेत अशोकाच्या झाडाला टेकत, पागोळीच्या पाइपाला वेढा घालत येते. श्रावणात फांद्या तोडतात तेव्हा एकदा तुटते, गणपतीचा मंडप घालताना एकदा आणि नवरात्राचा काढताना एकदा. रस्त्याचं काँक्रिटीकरण निघालं तर सणावारांचीही वाट बघावी लागत नाही. फायबरमधून प्रकाश धावतो आणि समुद्राच्या तळाशी घातलेल्या केबलमधून माणूस अमेरिकेशी बोलतो, हे सगळं मला परीक्षेत पाठ करावं लागलं. ती केबल कल्याणात येऊन सुतळीने बांधली जाते, हे मला आधीपासून माहीत होतं.

नोकरीतला खरा धक्का वेगळाच होता. विक्रीत रोज संध्याकाळी रिपोर्ट असतो. किती कॉल, किती डेमो, किती क्लोज. सोमवारी रिव्ह्यू, महिनाअखेरीला आरडाओरडा. ‘काय आणलंस?’ हा प्रश्न आमच्या हाडात मुरलेला असतो. नव्या नोकरीत पहिली रात्रपाळी संपवून मी मॅनेजरसमोर उभा राहिलो.

"काय झालं रात्री?"

"काही नाही, सर."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"व्हेरी गुड," म्हणाले आणि गेले.

मी तिथेच उभा. जुन्या कंपनीत हेच उत्तर दिलं असतं तर दुपारपर्यंत माझी बॅग जमा झाली असती. इथे माणसाला पगार मिळतो तो काही न घडल्याचा. सर्व्हर बंद पडला नाही, बॅकअप अडकला नाही, लिंक तुटली नाही, कुणाला काही कळलं नाही: शंभर टक्के टार्गेट. माझ्या आत बसलेला सेल्समन पहिले काही महिने कासावीस होता. काहीतरी दाखवावं, निदान एखादा आलेख तरी मेल करावा, असं त्याला वाटत राहायचं.

घरी जाताना तर फारच विचित्र वाटतं. ठाण्याला पहिली गाडी बोरीबंदरहून आली 16 एप्रिल 1853 ला, आणि कल्याणला रूळ पोचले पुढच्या वर्षी. म्हणजे ठाणेकर कल्याणकरांच्या वर्षभर आधी लेटमार्क घ्यायला शिकले. तेव्हापासून या लायनीवर सकाळी मुंबईकडे जायचं हाच धर्म. मी मात्र ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येतो आणि सकाळी सातला उलट्या, रिकाम्या गाडीत खिडकीला बसतो. समोरच्या फलाटावर माझे जुने ग्रुपवाले दाराच्या जागेसाठी अंगाची घडी घालत असतात. त्यांच्याकडे बघून हात हलवू नये. मी एकदोनदा हलवला. त्यांच्या नजरेत जे दिसलं ते विक्रीच्या नोकरीतही कधी दिसलं नव्हतं.

आता या शून्याच्या धंद्यात एक खोट आहे, आणि ती मला फार जवळून बघायला मिळाली. आमच्या ऑफिसात नेटवर्कची सगळी मांडणी एका अबोल सहकाऱ्याने केली होती. त्याच्या रॅकमध्ये प्रत्येक केबलला चिठ्ठी, प्रत्येक रंगाला अर्थ, एकही वायर लोंबत नाही. त्याच्या जागेपासून दारापर्यंत त्याला कुणी ओळखत नव्हतं. मार्चअखेरीला अकाउंट्सने त्यांच्या कोपऱ्यात नेट कमी पडतं म्हणून बाजारातून एक स्वस्तातला स्विच आणून परस्पर बसवला. मग एका दुपारी तिथल्या एका टापटिपीच्या माणसाला टेबलाखाली एक केबल लोंबताना दिसली. तिचं एक टोक स्विचमध्ये होतं. दुसरं मोकळं होतं. त्याने ते नीट उचललं आणि त्याच स्विचमधल्या दुसऱ्या भोकात खोचलं. जागा स्वच्छ दिसू लागली.

पुढच्या काही सेकंदांत सबंध मजला बंद. स्विचने जे सगळ्यांसाठी पाठवलं ते फिरून त्याच्याकडेच आलं, त्याने ते पुन्हा सगळ्यांना पाठवलं, ते पुन्हा आलं. असं होऊ नये म्हणून रेडिया पर्लमन या बाईंनी 1985 मध्ये स्पॅनिंग ट्री नावाची युक्ती काढून ठेवली आहे. ती चांगल्या स्विचमध्ये असते. स्वस्तातल्या स्विचमध्ये फक्त दिवे असतात, आणि ते सगळे त्या वेळी एकाच लयीत लुकलुकत होते. चाळीस माणसं रॅकपाशी जमली. अबोल सहकारी एकेक केबल उपटून बघत होता आणि मी गर्दी सांभाळत होतो. "समजू शकतो, साहेब." "दहा मिनिटं द्या, मॅडम." "तुमचं काम आमच्या डोळ्यासमोर आहे." अंधारात घामाघूम माणसाशी कसं बोलायचं, याचं माझं शिक्षण आधीच झालं होतं. त्याने केबल शोधली, नेट आलं, टाळ्या वाजल्या. त्या माझ्याकडे बघून वाजल्या. महिन्याचा ‘स्टार परफॉर्मर’ मला मिळाला, फोटोसकट. वर्षभर त्याने काही होऊ दिलं नव्हतं, त्याचा फोटो कधी लागला नाही. विक्रीतही हेच चालायचं: बारा महिने गिऱ्हाइकं टिकवणाऱ्याला कुणी विचारत नसे, आणि 31 तारखेच्या रात्री डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात माल कोंबणारा हीरो. तो माल पुढच्या महिन्यात परत यायचा, पण तोवर ट्रॉफी घरी गेलेली असायची.

जगाचंही असंच. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं निळी पडली, विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. त्या दिवशी सोसायटीत मला पहिल्यांदा लोकांनी थांबवून विचारलं की तुमचं काम नक्की काय असतं. एका काकांनी विचारलं, "तुम्ही काही दाबलं नाहीत ना?" बरोबर पुढच्या शुक्रवारी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर दिन होता. टेड केकाटॉस या अमेरिकन गृहस्थांनी 2000 साली सुरू केलेला हा दिवस जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी पाळतात आणि त्या दिवशी आमचे आभार मानायचे असतात. त्या वर्षी तो नेमका 26 जुलैला आला. आमच्या भागात 26 जुलै म्हटलं की 2005 चा पाऊस आठवतो. लोकांनी आभार मानण्याऐवजी गाड्या उंचावर लावल्या.

सासऱ्यांना मात्र माझं काम पहिल्या दिवसापासून कळलं. तेही तासातासाला मीटर बघून वहीत आकडे लिहायचे, रात्रपाळ्या करायचे, काही झालं नाही की सकाळी सही करून घरी यायचे. मी त्यांना सांगितलं की केंद्राच्या सर्ट-इनने 2022 पासून आम्हाला 180 दिवसांच्या नोंदी जपायला लावल्यात आणि काही घडलं तर सहा तासांत कळवायचं असतं. ते म्हणाले, "सहा तास? आम्हाला लाइन गेल्यावर सहा मिनिटांत पब्लिक कळवायचं." मग थोडं थांबून म्हणाले, "पण इतक्या वर्षांत एकानेही फोन करून सांगितलं नाही, की साहेब, लाइट आहे."

आता शेजाऱ्यांशी माझी ओळख करून देताना ते म्हणतात, "जावई आमच्या पक्षात आले."

गेल्या आठवड्यात अप्रेझलचा फॉर्म आला. ‘या वर्षातील आपली उल्लेखनीय कामगिरी’ असा रकाना होता. मी लिहिलं, ‘काही झालं नाही.’ पोर्टलने ते घेतलं नाही, किमान दोनशे अक्षरं हवी होती. मग मी आतल्या सेल्समनला हाक मारली. तो इतक्या वर्षांचा उपाशी. त्याने न घडलेल्या गोष्टींची अशी काही यादी केली, न तुटलेल्या लिंकांना अशी काही विशेषणं लावली, न आलेल्या संकटांतून कंपनीचे असे काही पैसे वाचवले, की वाचताना मलाच माझ्याकडून एखादा इन्व्हर्टर घ्यावासा वाटला. शेवटची तारीख असल्यामुळे सगळं ऑफिस एकदमच पोर्टलवर होतं. मी ‘सबमिट’ दाबलं आणि पोर्टल बसलं.

मिनिटभरात मॅनेजरांचा फोन. "अरे, एचआरचं पोर्टल कुणी बघतंय का?"

"बघतो, सर," मी म्हटलं. "तेवढं तिकीट टाकाल का?"